ओव्हरलँडबाबा

ओव्हरलँडबाबाला नाव विचारलं की तो साल सांगतो. "बहात्तर." मग जरा थांबतो, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का ते बघतो, आणि नाहीच उमटलं तर मार्ग सांगतो: इस्तंबूल, एर्झुरुम, तेहरान, मशहद, हेरात, कंदाहार, काबूल, खैबर, पेशावर, लाहोर, वाघा. नाव सगळ्यांत शेवटी, आणि तेही आईबापांनी ठेवलेलं नव्हेच. कोणी शिवदास, कोणी ओमगिरी. आपल्याकडे सोयरीक ठरवताना गोत्र-प्रवर काढतात. बाबाचं गोत्र बहात्तर आणि प्रवर व्हाया अफगाणिस्तान.

म्हापशाच्या बाजारात माझं फ्रेमचं दुकान आहे, त्यामुळे खुष्कीच्या मार्गाने आलेल्या या परदेशी कुळाशी माझा जुना घरोबा. हणजूण, शापोरा, मांद्रे, हरमल या पट्ट्यात यातले जे थोडे उरलेत, आणि त्यांतले जे चित्रं काढतात, ते कधी ना कधी शुक्रवारच्या बाजाराला कॅनव्हासची गुंडाळी काखेत मारून माझ्याकडे येतात. एकाचंच वर्णन केलं तर बाकीचे रुसतील, म्हणून सगळ्यांचं मिळून हे एक.

वय पंचाहत्तरच्या आसपास. कमरेला लुंगी, अंगात बिनबाह्यांचं जाकीट, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. हिंदी दिल्लीच्या पहाडगंजात शिकला आणि कोंकणी घरमालकिणीकडून, त्यामुळे आशीर्वाद हिंदीत देतो आणि भांडतो कोंकणीत. मला 'मास्टर' म्हणतो. पैसे द्यायची वेळ आली की 'मास्टरजी'.

'मी जातपात मानत नाही,' हे त्याचं आवडतं वाक्य. ते खरंही आहे, पण आपल्या माणसांत मात्र त्याने एक उतरंड कडक पाळलेली आहे. सर्वांत वर, अंगठा दाखवून मिळेल त्या ट्रकने आलेले. त्यांच्याखाली, जुनी फोक्सवॅगन व्हॅन दर शंभर मैलांवर दुरुस्त करत आणलेले. त्याखाली, लंडनहून किंवा ॲमस्टरडॅमहून चक्क तिकीट काढून बसने आलेले. त्यांच्याशी बोलतात, पण जरा वरून. आणि तळाला, विमानाने आलेला. तो कितीही वर्षं इथे राहो, त्याच्या दाढीत उवा पडोत, त्याला पंगतीत जागा नाही. १९७९ नंतर आलेला तर कोणीही असो, तो टुरिस्ट. त्या वर्षाच्या सुरुवातीला इराणात क्रांती झाली आणि शेवटी अफगाणिस्तानात रशियन फौजा उतरल्या. रस्त्याचे दोन्ही दरवाजे एकाच वर्षात लागले, आणि बाबाच्या कुळात नवीन जन्म बंद झाले.

कोणी उगाच बहात्तर-त्र्याहत्तर सांगू लागला तर बाबा परीक्षा घेतो. पहिला प्रश्न इस्तंबूलच्या पुडिंग शॉपचा. खरं नाव लाले रेस्टॉरंट, १९५७ सालचं. सुलतानअहमतमधल्या या दुकानात खीर खायची आणि भिंतीवरच्या फळ्यावर 'काबूलपर्यंत एक जागा आहे' असल्या चिठ्ठ्या वाचायच्या. फळा कुठल्या भिंतीवर होता, हे सांगता आलं पाहिजे. दुसरा प्रश्न काबूलच्या चिकन स्ट्रीटवर कुठे उतरलास. तिसरा एडीच्या सूपचा. आठ बोटांचा एडी हा या मंडळींचा मूळपुरुष. हणजूणला तो सगळ्यांना सूप पाजायचा, आणि तिथला बुधवारचा बाजारही त्याच्याच नावावर सांगतात. २०१० साली तो गेला. एडीच्या हातचं सूप प्यालो नाही असं म्हणणारा ओव्हरलँडबाबा मला अजून भेटायचाय. सगळे खरं बोलत असतील तर ते पातेलं नक्कीच द्रौपदीच्या थाळीच्या वंशातलं.

आता चित्रांकडे येतो. बाबा फक्त देव काढतो, आणि त्याचे देव सदैव प्रवासात असतात. एकही देव पद्मासनात बसलेला मी पाहिला नाही. त्याचं सगळ्यांत मोठं काम सहा फूट बाय चारचं आहे; ते माझ्याकडे फ्रेमला आलं तेव्हा दुकानात उभं राहायला जागा नव्हती. एक निळी बस डोंगराच्या कडेने चालली आहे आणि तिच्यात, तिच्यावर, तिच्याखाली दशावतार आहेत. पहिल्या तिघांना त्याने सीट दिलेलीच नाही. मत्स्य पाण्याच्या डब्यातून रेडिएटरमध्ये डोकावतोय. कूर्म मागच्या चाकाखाली जॅकच्या जागी. मंदार पर्वत ज्याने पाठीवर घेतला त्याला एका बसचं काय. वराह बसचा मागचा भाग सुळ्यांवर घेऊन चिखलातून वर काढतोय. "हे तिघे पॅसेंजर नाहीत, मास्टर," बाबा म्हणाला. "हे ब्रेकडाउन."

मला भावला तो नरसिंह. इराण आणि अफगाणिस्तानच्या मधल्या चौकीवर तो बसलाय, आणि मांडीवर हिरण्यकश्यपू म्हणून कस्टमचा अधिकारी आडवा. टोपी गळून पडलेली, मिशा शाबूत, हातातला शिक्का अजून उगारलेलाच. मी हसलो तर बाबा गंभीरपणे समजावू लागला. हिरण्यकश्यपूला वर काय होता? घरात मरण नाही, बाहेर नाही. दिवसा नाही, रात्री नाही. आता ती चौकी बघ. एका देशातून बाहेर पडलेला, दुसऱ्यात अजून शिरलेला नाहीस. सूर्य बुडतोय. शिक्का अजून उमटलेला नाही. नरसिंह प्रकट व्हायला याहून योग्य जागा सबंध आशियात नाही. मी आयुष्यभर उंबरठ्यावरचे नरसिंह फ्रेम करत आलो, पण उंबरठा म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

वामन कंडक्टरकडे हाफ तिकीट मागतोय. परशुराम पुढच्या दाराशी परशू घेऊन उभा, कारण त्याला शेवटच्या स्टॉपला उतरायचंय. समुद्र हटवून कोकण त्याने वसवलं, त्यामुळे गोव्याला त्याचं घर आहे. राम खिडकीत, कृष्ण टपावर सामानात बासरीसह. आणि ड्रायव्हरची सीट रिकामी. मी विचारलं, "बाबा, गाडी चालवतो कोण?" म्हणाला, "कल्की. अजून आलेला नाही."

हे चित्र दुकानात असताना गिऱ्हाईकं दोन प्रकारची आली. मुंबईहून सुट्टीला आलेले लोक चिडले. देवांची ही चेष्टा, म्हणाले, परदेशी माणसाने करावी? पेडण्याचा एक शेतकरी मात्र शांतपणे बघून म्हणाला, "खरंच तर आहे." त्याला खरंच वाटणार. थंडी पडली की आमच्याकडे गावोगावच्या जत्रांना दशावतारी नाटक मंडळ्या येतात, त्या गाडीनेच. पहाटे परतताना पुढच्या सीटवर अर्धा रंग पुसलेला विष्णू घोरत असतो आणि मागे पेटाऱ्यावर राक्षस बसलेला असतो. देव बसने फिरतात हे कोकणात कोणाला नव्याने सांगायला नको.

चिडलेल्यांना मी दुसरी गोष्ट सांगितली. तुमच्या आजीच्या देवघरात जी लक्ष्मी होती, ती राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली. १८९४ साली मुंबईत निघालेला तो छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. त्यानंतर आपण वर्षानुवर्षं जर्मनाने छापलेल्या देवांना हळदकुंकू वाहिलं. कुणाची तक्रार नव्हती. तो छापखाना आगीत जळाला १९७२ साली. बाबाला हे सांगितलं तर तो खूश झाला. म्हणाला, बघ, जागा रिकामी झाली आणि मी आलो.

सावंतवाडीच्या गंजिफ्याने मात्र त्याला थोडं हलवलं. तिथल्या राजवाड्यात अजून हाताने रंगवतात ते गोल पत्ते: दशावतारी गंजिफ्याचे १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा. मी त्याला स्कूटरवरून नेलं. तो एकेक पत्ता भिंगातून बघत बसला. मग मी सांगितलं की हा खेळ मुळात इराणी वळणाचा. बाबराने १५२७ साली आपल्या आठवणींत सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद केली आहे. पुढे इथल्या चिताऱ्यांनी त्यात मत्स्य-कूर्म बसवले. म्हणजे हे पत्ते तुझ्याच रस्त्याने आले, फक्त साडेचारशे वर्षं आधी. बाबाचा चेहरा पडला. त्याच्या उतरंडीत त्याच्याहून वरच्या जागा भरतात हे त्याला सहन होत नाही. परतताना बांद्यापर्यंत बोलला नाही, आणि बांद्याला म्हणाला, "पत्त्यांना व्हिसा लागत नव्हता."

रोरिकच्या बाबतीतही असंच झालं. निकोलस रोरिक हा त्याचा परात्पर गुरू. रशियन चित्रकार, १९२५ ते १९२८ ताफा घेऊन लडाख, सिंकियांग, अल्ताय, मंगोलिया, तिबेट असा फिरला आणि शेवटी कुल्लूजवळ नग्गरला राहिला. १९३० साली त्याने कुल्लूच्या वसंतात बासरी वाजवणारा कृष्ण काढला. त्याची छापील प्रत बाबाच्या उशाशी. खेचरं, उंट, बर्फ, दरोडेखोर: उतरंडीच्या वर कळस ठेवायचा झाला तर तो रोरिक. मी कुठेतरी वाचून सहज बोलून गेलो की रोरिक कुटुंब भारतात पहिल्यांदा उतरलं ते १९२३ साली मुंबईला, जहाजातून. बाबा पुढच्या शुक्रवारी आला नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आला तो निकाल घेऊनच: जहाज पाण्याला चिकटून चालतं आणि पाणी जमिनीला, सबब जहाज ओव्हरलँडमध्ये मोडतं.

पुराणांचं त्याचं वाचन वाकडं आहे, पण थोडं नाही. अमर चित्रकथेपासून सुरुवात करून तो इंग्रजी वाल्मीकीपर्यंत पोचलाय, आणि सगळं एकाच नजरेने वाचतो: कोण कुठून कुठे गेलं, किती मुक्काम पडले. सीतेच्या विरहाचं त्याला फार नाही. पण भरत आजोळाहून, म्हणजे केकय देशाहून, सात रात्री रस्त्यात काढून अयोध्येला पोचला, हे त्याला तोंडपाठ. कंदाहारचं चित्र काढलं तेव्हा धर्मशाळेत शकुनी प्रवाशांशी फासे खेळतोय आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली गांधारी चहा ओततेय, कप काठोकाठ भरला की नेमकी थांबतेय. ते बघून एक इतिहासाचे प्राध्यापक म्हणाले, गांधार म्हणजे पेशावर-तक्षशिलेकडचा प्रदेश, कंदाहार नव्हे. प्राध्यापक बरोबरच होते. बाबाने विचारलं, "तू गेला होतास?" ते म्हणाले, नाही. "मी गेलो होतो," बाबा म्हणाला, आणि त्याच्या लेखी वाद तिथे मिटला.

एकदा विजयी मुद्रेने दुकानात शिरला. सबंध रामायणात, म्हणाला, राम पायी, लक्ष्मण पायी, भरत रथातून, वानर पुलावरून. विमान कोणाकडे? फक्त रावणाकडे! मी काच कापता कापता म्हटलं, बाबा, लंकेहून परत येताना रामही पुष्पक विमानानेच आला. चहा अर्धा टाकून गेला.

त्याची सव्याज परतफेडही झाली. दर मे महिन्यात बाबा अंतर्धान पावतो आणि पाऊस सरला की उगवतो. मधल्या काळात हिमालयात होतो, असं त्याचं म्हणणं. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यानंतरच्या वर्षी त्याने आणलेली गुंडाळी मी टेबलावर सोडली, तर आतून बोर्डिंग पास पडला. खिडकीची सीट होती. मी उचलून त्याच्या हातात दिला, काही बोललो नाही. त्याने तो शांतपणे घडी करून जाकिटात ठेवला आणि म्हणाला, "मास्टर, परत येताना रामही विमानानेच आला." आता काय बोलणार?

त्याची खरी कसोटी घरमालकिणीपुढे. माईंच्या अंगणातल्या खोलीत तो कैक वर्षं राहतो आणि भाड्यापोटी चित्रं देतो. त्याचा लाडका देव कार्तिकेय. पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लागल्यावर जो मोरावर बसून खरोखर निघाला तो. बाबाच्या मते शंकराच्या घरातला एकमेव प्रामाणिक मुलगा. माईंच्या सोप्यात म्हणून कार्तिकेयच कार्तिकेय: मोरावर खैबर ओलांडणारा, मोर पंक्चर झाला म्हणून पेशावरला बसलेला. माईंना हवा होता गणपती, चवथीला माटोळीखाली मागच्या भिंतीवर शोभेल असा. बाबा म्हणे, तो फसवा आहे, आईबापांभोवती फिरून आला आणि म्हणतो जग फिरलो. माईंनी एकच वाक्य टाकलं: "गणपती खंयच गेलो ना रे बाबा, घरांत बसून जिखलो. आनी तूं येदो भोंवलो, तुका किदें मेळ्ळें? म्हजी कूड." मग त्याने गणपती काढला, पण पाठीवर पिशवी दिली. माईंनी नाक मुरडल्यावर त्या पिशवीचा मोदक केला. पिशवीचा पट्टा अजून दिसतो. तेवढा त्याने मुद्दाम ठेवला, असा माझा संशय आहे.

थट्टा इथवर ठीक. त्या निळ्या बसच्या चित्रात नववा अवतार बुद्ध होता, आणि तोही बसमध्ये नव्हता. मागे बामियानच्या कड्यात, आपल्या कोनाड्यात उभा राहून बसकडे बघत होता. मार्च २००१ मध्ये तालिबानने ते बुद्ध सुरुंग लावून उडवले. त्या महिन्यात बाबा येऊन चित्र परत घेऊन गेला. आणलं तेव्हा बुद्ध सुरीने खरवडून काढलेला, कोनाडा रिकामा. मी म्हटलं, निदान चित्रात तरी राहू द्यायचास. म्हणाला, "रस्त्यावर जे आहे तेच मी काढतो."

हे वाक्य ऐकून मी गप्प बसलो, कारण त्याच्या चित्रातलं रस्त्यावर आता काहीच नव्हतं. तरी रिकामी जागा मला बघवेना. मी सुचवलं की महाराष्ट्रात जुन्या दशावतारांच्या पटांत नवव्या जागी विठोबा असतो, तो घाल. बाबाने विचारलं, तो कुठे प्रवास करतो का? म्हटलं, तो विटेवर उभा असतो, लोकच चालत त्याच्याकडे येतात. चालत? कुठून? आळंदीहून, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. त्या वर्षी जूनमध्ये बाबा हिमालयात गेला नाही, वारीला गेला. परत आला तो पायांना फोड आणि चेहऱ्यावर गोंधळ घेऊन. वाटेत लोकांनी जेवू घातलं, पाय चेपले, 'माउली' म्हणून पायाही पडले. पण सबंध वारीत त्याला एकानेही विचारलं नाही की तू कुठल्या मार्गाने आलास. लाखो माणसं, आणि सगळीच ओव्हरलँड! कोनाडा त्याने रिकामाच ठेवला. पण पुढच्या वळणावर, रस्त्याच्या कडेला, कमरेवर हात ठेवून बसची वाट बघत उभा असलेला विठोबा आता त्या चित्रात आहे.

फ्रेमवाल्याचं मत विचाराल तर बाबाला हात काढता येत नाहीत. चतुर्भुज विष्णूचे चारही हात डावे असतात. चेहरे सगळे एका साच्याचे, डोळे फार मोठे. पण देवांच्या पाठीमागे बघा. हेरातचा चहावाला, त्याचा समोवार, निळ्या फरशांवर सकाळची तिरपी उन्हं, फुलं रंगवलेले अफगाण ट्रक, हिंदुकुशचा तो भाजलेल्या मातीचा रंग: हे सगळं तो कागद न बघता काढतो आणि तिथे त्याचा ब्रश कुठेही अडखळत नाही. देव काढणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, बाबापेक्षा बरेच बरे. तो चहावाला काढणारं दुसरं कोणी मला ठाऊक नाही.

तेव्हा बुधवारच्या बाजारात असा कोणी भेटला तर आधी किंमत विचारू नका, मार्ग विचारा. निम्मी किंमत तिथेच उतरते. ज्या चित्रात देव लहान आणि डोंगर मोठा असेल ते घ्या. आजच पूर्ण केलंय असं म्हणाला तर त्यावर विश्वास ठेवा, आणि गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर राहू द्या. घरी गेल्यावर काच घालायची घाई करू नका. आमच्या हवेत ऑइलचा जाड थर सुकायला महिनेच्या महिने जातात, आणि ओल्या रंगावर काच बसली की देव काचेला चिकटतात. मग ते सोडवायला म्हापशाला यावं लागतं.